पुलीवरचं कुंकू

१७ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. मराठीत. दुकानातले सगळे तमिळ. बायकोला, गोदाला, मराठी बोलता येतं, पण वाचायला फक्त तमिळ येतं. म्हणजे मनातलं बिनधास्त लिहावं.
मनातलं: गाडी स्लो आहे.
लाल, दोन सीटची, सुपरचार्जरवाली स्पोर्ट्स कार. सेकंडहँड, पण कंपनीची वॉरंटी फेब्रुवारीपर्यंत आहे. अख्ख्या कुंभकोणमात अशी दुसरी नाही. गोदाने तिरुप्पनंदाळचं वडिलांचं शेत विकलं आणि घेऊन दिली. अट एकच. वॉरंटी संपेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. तुळजाभवानीची शपथ घातली. घेतली मी. शब्दाचा पक्का माणूस आहे.

१९ ऑगस्ट
आतेभाऊ गिरिधर येऊन गेला. तंजावर रोडला गॅरेज आहे त्याचं. म्हणाला, अण्णा, सुपरचार्जरवरची पुली काढू आणि लहान लावू. लहान पुली जास्त जोरात फिरते, इंजिनात जास्त हवा कोंबते, गाडी पिसाळल्यासारखी पळते. वॉरंटीचं विचारलं. म्हणाला, कंपनीला कळलं तर गेलीच. पण कळेल कसं? सर्व्हिसच्या आधी जुनी पुली परत लावायची, कंप्युटरमधला प्रोग्रामही जुना टाकायचा.
शपथ आठवली. नीट विचार केला. शपथ मी हात लावायचा नाही, अशी आहे. हात गिरिधर लावील.

२१ ऑगस्ट
दुकानात डोकेदुखी. नाचियार्कोविलची एक आजी मिक्सर घेऊन आली. सील तुटलेलं. आधी म्हणाली, आम्ही उघडलाच नाही, देवाशपथ. मग म्हणाली, जावयाने जरासा उघडला. मी स्वच्छ सांगितलं, सील तुटलं की वॉरंटी संपली. वीस वर्षं मिक्सर-ग्राइंडर विकतोय, कायदा म्हणजे कायदा. आजी बडबडत गेली. लोक स्वतः उघडतात आणि वर देवाला साक्षीला आणतात. लाज कशी वाटत नाही!

२४ ऑगस्ट, रविवार
काम झालं. गोदा बहिणीकडे गेली होती. मी गॅरेजमध्ये हात पाठीमागे बांधून उभा होतो. शपथ शाबूत.
संध्याकाळी नाचियार्कोविल रोडला ट्रायल. जबरदस्त! म्हणजे, असणार. पुढे टाउन बस होती, बसच्या पुढे भाताच्या पेंढ्याचा ट्रॅक्टर. ताशी वीसच्या वर गेलो नाही. पण त्या वीसमध्येही ताकद जाणवत होती.
जुनी पुली घरी आणली. इडलीएवढी आहे, जरा जड. कपाटात ठेवली तर गोदाला सापडेल. देवघरात समईच्या मागे ठेवली. तिथे कोण शोधणार?

२ सप्टेंबर
सापडली.
समई घासायला काढली आणि हिने विचारलं, अहो, हे काय? मी क्षणभरही गडबडलो नाही. म्हटलं, ग्राइंडरची पुली, आपल्या दुकानात विकलेल्या पहिल्या मॉडेलची, आठवण म्हणून ठेवली. गोदाचे डोळे भरून आले. म्हणाली, यावर आपलं घर उभं राहिलं, इथेच राहू दे. हातात घेऊन नमस्कार केला.
प्रसंगावधान हा गुण जन्मजात असतो.

१४ सप्टेंबर, रविवार
बायपासला एकदा मोकळा रस्ता मिळाला. खरंच उडाली! त्यानंतर इंजिनातून टक टक असा बारीक आवाज. गिरिधरला फोन केला. म्हणाला, जास्त हवेने इंजिन तापतं, अण्णा, थोडं जपून. मी म्हटलं, जपून चालवायची असती तर हा उद्योग कशाला केला असता? हल्लीच्या मेकॅनिकांत हिंमतच नाही.
निश्चय: फेब्रुवारीपर्यंत हळू चालवणार.

१५ सप्टेंबर
निश्चय बदलला. सवय सुटली तर रिफ्लेक्स जातात.

१ ऑक्टोबर, बुधवार, आयुध पूजा
दुकानात सगळ्या मशीनना चंदन-कुंकू. गाडीलाही हार, चाकाखाली लिंबू. घरी आलो तर गोदा देवघरात बसलेली. पुली पाटावर, लाल वस्त्रावर. हिने करंगळीने एकेका खाचेत चंदन भरलं होतं, त्यावर कुंकू. अर्धा तास लागला म्हणाली. पोटापाण्याची लक्ष्मी आहे, वर वर कशी पुजायची?
मला जरा गलबलून आलं. पण ते उपासाने असावं.

४ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी ३
तिरुनागेश्वरम्‌च्या अलीकडे. मागून एका व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. मी ॲक्सिलरेटर दाबला. मोठा धडाका, पांढरा धूर, गाडी बंद. इंजिन जाम, फिरतच नाही. तिथल्या देवळात राहूच्या दर्शनाला निघालेली ती व्हॅन शेजारून गेली. आतल्या बायकांनी मला हात जोडले.
कंपनीने दगा दिला. एवढी महाग गाडी आणि पिस्टन असले!

५ ऑक्टोबर, रविवार
गोदाला सांगितलं, इंजिनात जन्मजात दोष निघाला, वॉरंटीत नवीन मिळेल. ती म्हणाली, बरं झालं बाई शपथ घातली होती. मी म्हटलं, हो ना.

६ ऑक्टोबर
गिरिधरने प्रोग्राम जुना टाकला. पुली मी देवघरातून नेली. गोदाला म्हटलं, पॉलिश करायला नेतो. आता बघा या माणसाची अक्कल. पेट्रोलचं फडकं घेऊन कुंकू पुसायला निघाला! मी ओरडलो, पूजेचं कुंकू पुसतोस? क्लेम पास व्हायचाय, देवी पाठीशी नको? तो म्हणाला, अण्णा, खाचेत आहे, दिसेल. मी म्हटलं, वरून बेल्ट बसतो, कोणाला दिसणार? तशीच लावायला लावली. इंजिन जामच आहे, त्यामुळे पुली एक फेरासुद्धा फिरली नाही. कुंकू शाबूत राहिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार, चेन्नई
लिहायची इच्छा नाही. पण लिहितो. कुठेतरी खरं नोंदलेलं असावं.
गाडी ट्रकवर, मी आणि गोदा ट्रेनने. ही हट्टाने आली, नवीन इंजिन बघायचं म्हणाली. सर्व्हिस मॅनेजर रामलिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. बघून बरं वाटलं. भाविक माणूस, आपला माणूस.
त्याने बेल्ट काढला. थांबला. बोटाने खाचेतलं कुंकू टिपलं आणि आधी डोळ्यांना लावलं. मग अगदी आदराने विचारलं की बेल्टच्या खाली कुंकू कसं पोचलं, सर? ही पुली मिनिटाला हजारो फेरे फिरते. गाडी चार तारखेपर्यंत चालल्याचं कंप्युटर सांगतो. मग एक कणही कसा पुसला गेला नाही?
मी तोंड उघडलं. देवीचा चमत्कार, एवढंच म्हणायचं होतं. मान्य केलं असतं त्याने.
तेवढ्यात गोदा पुढे आली. अभिमानाने, तमिळमध्ये, चार मेकॅनिकांसमोर! म्हणाली, कुंकू मीच लावलं, आयुध पूजेला, आमच्या देवघरात. ही आमच्या दुकानातल्या पहिल्या ग्राइंडरची पुली आहे. यांनी पॉलिशला नेली होती. पण ही गाडीत कशी आली?
रामलिंगने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. गोदा माझ्याकडेच बघत होती. मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली.
क्लेम नामंजूर.
गिरिधरने नीट पुसलं नाही. देवीने साथ सोडली. आणि घरच्याच माणसाने भर सभेत उघडं पाडलं! मी एकटा कोणाकोणाला पुरणार?

१० ऑक्टोबर
ट्रेनमध्ये गोदा खिडकीकडे तोंड करून होती. मी समजावलं की तांत्रिकदृष्ट्या इंजिनाला मी हात लावलेला नाही, शपथ मोडलेली नाही. तिने कॉफी घेतली. एकच.

१४ ऑक्टोबर
गोदा दुकानात येऊन काउंटरवर बसली. नेमकी तीच नाचियार्कोविलची आजी मिक्सर घेऊन परत आली. गोदाने तिचं सगळं ऐकलं आणि शेल्फवरचा नवा मिक्सर काढून दिला. मी म्हटलं, अगं, सील तुटलंय! ती आजीलाच म्हणाली, पाट्टी, तुम्ही निदान उघडला म्हणून सांगितलंत तरी.
आता दुकानातही माझ्याविरुद्ध गट झाला आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
परवा दिवाळी. गाडी परत आली, शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. गोदा भावाकडे तिरुप्पनंदाळला निघाली. किती दिवस, ते सांगितलं नाही. आपलं शेत आता दुसऱ्याचं आहे, बांधावरून बघून येते, असं फोनवर भावाला म्हणाली.
मला राहवलं नाही. म्हटलं, मी सोडतो ना.
ती थांबली. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, कशाने?
बस स्टँडपर्यंत तिची पिशवी मी धरली होती. बस आल्यावर तिने तीही मागून घेतली.