डाकोटाचा उजवा पंख

१२ जानेवारी, रविवार. करावे.

अखेर जागा मिळाली! सामान ते काय, एक ट्रंक, एक गादी आणि हत्यारांची पेटी. नावड्याहून टेम्पोने आणलं. तांडेल काकांची चार मजली बिल्डिंग आहे, खाली भाडेकरू, वर गच्चीवर पत्र्याची शेड. शेड म्हणजे काकांचं वर्कशॉप, आणि त्याला लागून माझी खोली. खिडकीतून खाडी दिसते. सखूकाकींनी आल्याआल्या तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मी लाजत दुसरी भाकरी मागितली, तर त्यांनी तिसरीही ताटात टाकली.

कमळाकर काका बहात्तर वर्षांचे. तीस वर्षं विमानदुरुस्तीत पत्रेकाम केलं, आता जुन्या लढाऊ विमानांच्या धातूच्या प्रतिकृती करतात. हात थरथरतो म्हणून बारीक कामाचा माणूस हवा होता. तळोज्यातली आमची टूलरूम बंद पडली नसती तर मी इथे कशाला आलो असतो? पण कपाटं उघडून दाखवली तेव्हा वाटलं, बरं झालं बंद पडली. खालच्या कप्प्यांत ठिकठिकाणाहून जमवलेली ओतीव विमानं आणि वर स्वतः घडवलेली: स्पिटफायर, हरिकेन, हंटर, नॅट. नॅटच्या कॉकपिटमध्ये उडदाएवढी घड्याळं आहेत आणि भिंग धरलं की त्यांवरचे आकडे वाचता येतात. मी किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. काका खूश झाले.

१४ जानेवारी

काकींनी हातावर तिळगूळ ठेवला. बायको, सोनम, गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, कुणी ठेवला नव्हता.

काकांनी आज खरं काम दाखवलं. मधल्या टेबलावर डाकोटा आहे, मालवाहू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फूट पंख. सगळं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, पत्रे जोडणारे खसखशीएवढे रिव्हेट, हजारोंनी. डावा पंख पुरा, उजवा अर्धा. हे विमान त्यांच्या मुलाचं, विपुलचं. चार वर्षांपूर्वी पावसात बाइक घसरली आणि तो गेला. सत्तावीस वर्षांचा. काका एवढंच बोलले आणि चष्मा पुसत राहिले. विपुल डावखुरा होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक रिव्हेट किंचित एका बाजूला कललेला आहे. मलाही तसेच मारायला सांगितलंय.

१९ जानेवारी, रविवार

काम छान चाललंय. काकांचा एकच नियम, दुपारी एक ते तीन वर्कशॉप बंद. स्वतः कुलूप लावतात, किल्ली कमरेला.

एक गंमत लिहून ठेवतो. काल एक वाजता कामावरून उठलो तेव्हा चालू ओळीत एक्केचाळीस रिव्हेट होते. माझी मोजायची सवय जात नाही. तीनला आलो तर साठ. काकांनी मारले म्हणावं तर त्यांना चहाची बशी धरवत नाही. आणि ते एकोणीसच्या एकोणीस कललेले आहेत. मी अजून तसे मारायला शिकलेलो नाही.

२३ जानेवारी

आज काकांना सरळ विचारलं. ते हसले. दोन वाजता मला दाराशी घेऊन गेले आणि कान लावायला सांगितलं.

टक. टक. टक. मग थोडं थांबून कानस ओढल्याचा आवाज. मग पुन्हा टक.

"आयकला?" काका म्हणाले. "पोर आलाय माजा."

त्यांचा चेहरा कसा उजळला होता हे मला लिहिता येणार नाही. कुलूप बाहेरून लावलेलं, शेडला दुसरं दार नाही. तीनला उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. स्टूल मागे सरकवलेलं, पंखावर नवी ओळ.

आणि मग काकांनी बारीक ड्रिल घेतलं आणि ती सगळी ओळ, एकेक रिव्हेट, उडवून टाकली. मी ओरडलोच. ते शांतपणे म्हणाले की अर्धं राहिलंय म्हणून तो येतो, पुरं झालं की जाईल. म्हणून गेली चार वर्षं ते रोज थोडं मोडतात. मला ठेवलंय ते पंख जोडायला नाही. मोडताना पत्रा फाटतो, तो दुरुस्त करायला.

मी तेव्हाच ट्रंक उचलायला हवी होती. खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटला.

२८ जानेवारी

आवाज बदललाय. पूर्वी एका लयीत यायचा. आता दोन ठोके, मग कितीतरी वेळ काहीच नाही. दाराला कान लावला तर धाप ऐकू येते, जिने चढून आलेल्या माणसासारखी. आजचे रिव्हेट वेडेवाकडे होते, तीन भोकं फाटली होती. पत्रा सांधायला लावलेल्या कथलाच्या डागात बोटाचा ठसा उमटला होता. तापलेल्या डागात बोट टेकवलं तरच असा उमटतो. काकांनी तो पाहिला, आणि ड्रिल लावलं.

जिन्यात काकींनी मला गाठलं. पदर तोंडाशी धरून बोलत होत्या.

"दमलाय रं पोर माजा. जिता होता तवा बापाला कंदी उलटून बोलला नाय, मेल्यावर काय बोलंल? तू पुरा कर, बाला. त्याला जाव दे."

मी काकांना दगा द्यायचा का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, पाप त्यांच्या स्वतःच्या माथी.

२ फेब्रुवारी, रविवार

काका भाचीच्या हळदीला मोऱ्याला गेले. काकींनीच अंग दुखतंय म्हणून मागे राहून त्यांना पाठवलं. काकांच्या कमरेची किल्ली काकींनी आदल्या रात्रीच काढून ठेवली होती.

सकाळी आठला बसलो. पाणीही प्यायलो नाही. दीड वाजता माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. मी मान वळवली नाही. मला हवा तो रिव्हेट चिमट्यात आधीच धरलेला मिळायला लागला. आम्ही दोघांनी मिळून शेवटच्या दोन ओळी केल्या. किती भरभर हात चालत होता त्याचा! सुट्टी लागणार असलेल्या पोरासारखा.

शेवटचा रिव्हेट काकींनी मारला. मग पंखावर हात ठेवून म्हणाल्या, "जा." एवढंच.

कुणीतरी मोठा श्वास सोडला. मग काही नाही. काकी फरशीवर बसून रडल्या, आणि मीही.

३ फेब्रुवारी

काका एक ते तीन दाराशी कान लावून उभे होते. आवाज आला नाही. दार उघडून त्यांनी पंख पाहिला. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. पंखावरून हात फिरवत राहिले. मग मला विचारलं,

"तुजा असता तर केला असतास?"



५ फेब्रुवारी

काका गेले. दुपारी, टेबलावर डोकं टेकून. ड्रिल हातात होतं, पण पंखाला एक ओरखडासुद्धा नाही. त्यांचा हात धजला नसावा.

१७ फेब्रुवारी

बारावं काल झालं. पाहुणे गेले. मी सामान बांधत होतो.

दोन वाजता भिंतीपलीकडे ड्रिल सुरू झालं.

मग टक. टक. मग पुन्हा ड्रिल.

दार उघडंच होतं. आत कुणी नाही. उजवा पंख अर्धा मोडलेला, भोकं थरथरत्या हाताने पाडल्यासारखी, आणि त्यांतच नवे रिव्हेट, कललेले. दाराशी काकी बसल्या होत्या. समोर भाताचं ताट, हात न लावलेलं. आणि त्या हसत होत्या. चार वर्षं तोंडाशी पदर धरलेली बाई.

मी म्हणालो, आजच पुरं करून टाकू. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, नको, आता दोघं आहेत, भांडतात, पण आहेत.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजा कोन असंल ना गेलेला? त्याचा कायतरी अर्धा रायलेला आन. ठेव हितं."

१८ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. सोनमला सातवा महिना होता. ॲडमिट केलं त्या सकाळपर्यंत ती टोपरं विणत होती, पिवळ्या लोकरीचं. दोघंही गेली. मुलगा होता. सुया अजून लोकरीतच आहेत, ट्रंकेच्या तळाशी. अकरा ओळी.

एक वाजता डाकोटाच्या शेपटीशी ठेवलं. दार ओढून घेतलं.

१९ फेब्रुवारी

तेरा.

तेरा ओळी झाल्या. तिचाच टाका, घट्ट ओढलेला. तोंडाशी धरलं. ओलसर आहे. तिचाच वास.

दोन ओळी उसवल्या. किती सहज उसवतात. धागा ओढला की झालं.

२१ फेब्रुवारी

सुयांचा आवाज ड्रिलच्या आवाजातही ओळखता येतो. मी काकींशेजारी दाराशी बसतो. काकी काही खात नाहीत. मीही काल —

आज टाके सुटलेले होते. तिला धाप लागलीय. सातव्या महिन्यात लागायची तशी, जिन्यात थांबून कठड्याला धरायची —

उसवलं. मला कळतंय मी काय करतोय. काकांना करताना पाहिलंय मी.

२३ फेब्रुवारी

काकी सकाळपासून हलल्या नाहीत. डोळे दाराकडे. हात गार.

खाली जाऊन सांगायला हवं. दोन वाजत आलेत. एवढं झालं की जातो. आतून बांगड्या वाजल्या — काकींच्या हातातल्या नाहीत, त्या तर काका गेले तेव्हाच उतरवल्या —

तिघं आहेत आता. आणि सोनम.

उसवलं.

२४

काकींना नेलं. सकाळी कोणीतरी वर आलं होतं. मला काय काय विचारलं. मी दुपारची वाट बघत होतो.

आज सुया थांबतच नाहीत. धाप, हुंदका, पुन्हा सुया. घाई. मला नाही, तिला घाई आहे. कशाची —

तीन

आत आलोय. टोपरं पुरं झालंय. सगळं, एका दुपारीत. शेवटचा एक टाका सुईवर आहे. लोकर लाल — बोटांचं —

आणि रडण्याचा आवाज. तिचा नाही. लहान. अगदी लहान. नर्स म्हणाली होती, तो रडलाच नाही. मी त्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता —

म्हणजे तोही. माझ्यामुळे. इतके दिवस तोही इथे —

सोनम म्हणतेय, घाल. एकच टाका. जाऊ दे त्याला.

पण आवाज. माझ्या मुलाचा आवाज आहे हा. घातला की हा —

धागा माझ्या हातात आहे. एक टाका. घालू की उस