क्लचवरचं घुंगरू

बाबा,

तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली. मी आता आसेगावला असते, शाळेत शिकवते, आणि रोज स्वतःच्या जुन्या कारने जाते-येते. हे लिहितेय ते आईला सांगता येत नाही म्हणून.

मी अकरावीत होते. सोयाबीन निघालं होतं आणि रिकाम्या वावरात तुम्ही मला तुमच्या जीपच्या स्टिअरिंगवर बसवलंत, ज्या जीपमध्ये शेलूबाजारहून माणसं कोंबून न्यायचात त्याच. काका म्हणाले, "पोरीले जीप कायले शिकवून राह्यला?" तुम्ही म्हणालात, "तिले पाय नाहीत का?" पाय होते, आणि तेच नडत होते. गिअर पडला तरी माझा डावा पाय क्लचवरून हटेना. "पाय काय पाटावर ठेवला का वं?" असं तुम्ही दोनदा ओरडलात. तिसऱ्यांदा ओरडला नाहीत. घरी जाऊन बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू आणलंत, सुतळीने क्लचच्या पेडलला बांधलंत आणि म्हणालात, "हे वाजलं का समज, मी मेल्यावरबी वरडून राह्यलो." जाताना तेवढंच ठेवून गेलात माझ्यासाठी. कार घेतली तेव्हा मी ते बांधलं आणि महिन्याभरात काढलं, कारण सोबत येणाऱ्या मॅडम हसल्या.

या वर्षी पेडल पार वर आल्याशिवाय गाडी हलेना. मग चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडीचा वेग मात्र तेवढाच. एका संध्याकाळी अंगणात मी तुम्ही शिकवलेली परीक्षा घेतली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. इंजिन धक्का खाऊन बंद पडायला हवं होतं. ते आपलं गुरगुरत राहिलं. पाय ठेवून ठेवून क्लचची प्लेट घासलीय, हे मला त्याच घडीला कळलं. तरी महिनाभर गाडी दाखवली नाही. शेलूबाजारचा मिस्त्री तुमच्याच हाताखाली गाडी चालवायला शिकलेला. तो प्लेट बाहेर काढणार आणि मनात म्हणणार, उस्तादची पोरगी अन् क्लचवर पाय! एवढ्याशा लाजेसाठी, बाबा.

आणि मग ती दुपार. आई ओट्याला धरून उभी, चेहरा घामाने भिजलेला. "छातीवर कोनी बसल्यावानी वाटते," म्हणाली. फोन केला तर ॲम्ब्युलन्सला तास लागणार होता. मी तिला गाडीत घातलं आणि वाशीमच्या रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेवरचा तो लांब चढ मला पक्का माहीत होता, आणि त्याच चढावर इंजिनाचा आवाज वर वर जाऊ लागला आणि गाडी मंद होत होत उभी राहिली. जळका वास भरला.

"काहून थांबली वं?"

"गरम झाली, आई. दोन मिनिटं."

दोन मिनिटं नाही, दहा. क्लच जळाला का रेटू नको, पुरा मरते, थंडा होऊ दे, हे तुमचंच. आई डोळे मिटून कण्हतेय आणि मी हात बांधून बसलेय. एक टेम्पो गेला, थांबला नाही. डिकीत बियाण्याची दोन पोती होती, ती ओढून रस्त्याच्या कडेला टाकली, तेवढंच ओझं कमी. एसी बंद केला. चप्पल काढली. पहिला टाकला, दुसरा टाकला आणि डावा पाय सीटखाली ओढून घेतला. जोरात दाबलं की इंजिन बोंबलतं, पाय हलका ठेवला तर गाडी सरकते. आईचा जीव जातोय आणि मला हळू जायचंय, असं कुणावर येऊ नये. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय दाबला गेला असता.

पोचलो. आई वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, हृदयाला इजा झाली आहे. आता तिला चार पायऱ्या चढल्या की बसावं लागतं.

गाडी ओढून शेलूबाजारला नेली. मिस्त्रीने प्लेट हातात दिली, पार आतल्या खिळ्यांपर्यंत, रिबिटांपर्यंत घासलेली. "कोन चालवते गाडी?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "आमी दोघंबी." जावई तुमचे स्टिअरिंगला हातसुद्धा लावत नाहीत. तो बोळ्याने हात पुसत म्हणाला, "उस्तादनं मलेबी घुंगरू बांधलं होतं, ताई."

आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरीनं वाचवलं, अगदी बापावानी गाडी हाकली. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाते. तिची ती दहा मिनिटं मी महिनाभर आधीच घालवली होती, हे तिला माहीत नाही, आणि माझ्याच्याने सांगवत नाही.

घुंगरू परत बांधलंय. काल तिला तपासायला नेलं, तर जाता-येता तीनदा वाजलं. तिने विचारलं, "बाबाच्या आठवणीनं बांधलं का?"

मी हो म्हणाले.