अंगणातली उभी मीटिंग

सोम. ६ जाने., लातूर
आजही सकाळी वरच्या खोलीत पाय वाजले. कॉम्प्युटरवाली पोरं. क्लासवाल्यांसाठी ॲप बनवतात, पोरगं क्लासला आलं की नाही ते गावाकडं आईबापाला मोबाइलवर कळावं म्हणून. भाडेकरू चांगले. पण भूकंपात बायको, सुधा, गेल्यापासून डोक्यावर स्लॅब अन् त्यावर चालणारी माणसं सोसत नाहीत. वर जाऊन सांगितलं. त्यांची मुख्य रेणुका, कंधारची. म्हणाली, "आबा, सकाळची मीटिंग उभ्यानं घेतो. बसून बोललं की तास जातो. उभं राहिलं की पाय दुखतात, लवकर उरकतं." मग स्वतःच म्हणाली, उद्यापासून अंगणात उभे राहू. उगीच बोललो का?

शुक्र. १० जाने.
रोज अंगणात येतात. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. प्रत्येकानं एवढंच सांगायचं. अडलं म्हणून कुणी रागवत नाही. मी चहा ठेवतो. आज नांदेडचा सलमान म्हणाला, "आबा, तुमचं काय अडलं?" सगळे हसले. गुडघ्याचं सांगितलं. मग नळाचं. मग सुधाचं. तिच्याविषयी इतकं कधी कुणाशी बोललो नव्हतो. पोरांनी ऐकून घेतलं.

गुरु. २३ जाने.
सकाळी काय सांगायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवतो. आज सलमान घड्याळ बघत होता. त्याला कुठं जायचं असेल.

शुक्र. २४ जाने.
दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी एकत्र बसून काय जमलं, काय बदलायचं ते एकमेकांना तोंडावर सांगतात. आज लाइट नव्हती म्हणून अंगणात बसले. मी स्वयंपाकघरात, खिडकी उघडी.
सलमान : "पंधरा मिनिटांची मीटिंग पाऊण तास चालून राहिली. आबाला मधी तोडता येत न्हाई."
दुसरं कुणीतरी : "मग सांग की त्यांना."
"मी न्हाई सांगत. चहा पितो त्यांचा."
रेणुका म्हणाली, दोष कुणाचाच नाही, आपणच विचारलं. दोन आठवडे वर करून बघू, मग परत ठरवू.
संध्याकाळी खाली आली. "आबा, पाय वाजतील. चालंल का?" मी सगळं ऐकलंय, हे तिला माहीत नाही.
चालेल म्हणालो.

सोम. २७ जाने.
मीटिंग वर. आधी अंगणात जाऊन बसलो. मग आत आलो, बरोबर त्यांच्या खाली. डोक्यावर पाय वाजत होते, तरी बसलो. शब्द कळत नाहीत. पटकन संपलं. म्हणजे वेळ मीच…

गुरु. ६ फेब्रु.
रेणुका जिन्यात भेटली. "बोलत न्हाई आबा हल्ली?" काम आहे म्हणालो. कसलं काम. थोडक्यात बोलायचं घरात करून बघितलं. गुडघा एका वाक्यात होतो. नळही होतो. सुधाचं होत नाही.

शुक्र. ७ फेब्रु.
दुपारी वर बसले होते. जिना चढलो. दार उघडंच. रेणुका विचारत होती, "सकाळच्या मीटिंगचं कसं करायचं?" दारातून मीच बोललो, "खाली या. मी आवरतं घेईन."
सलमाननं सतरंजीवर सरकून जागा केली. म्हणाला, "आबा, रागावू नका. पण आवरतं म्हंजी किती?"
माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नाही.
रेणुका म्हणाली, आम्ही बोलून सांगतो, आबा. उतरून आलो. वर अजून बोलणं चाललंय. सोमवारी अंगण झाडून ठेवावं का, कळत नाही.