लास्ट बट नॉट लीस्ट

२ मार्च, रात्री ८
ऑफिसचा वार्षिक कार्यक्रम. साहेबांनी एकेकाचे आभार मानले. इंजिनिअर, अकाउंट्स, ड्रायव्हर, कॅन्टीनवाला. मग थांबले आणि म्हणाले, अँड लास्ट बट नॉट लीस्ट, आमचे रेकॉर्ड रूमवाले. म्हणजे मी. मान देऊनच म्हणाले असणार. मुख्य माणूस शेवटीच येतो.

३ मार्च
मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. करतेय. म्हणाली, बाबा, जो शेवटपर्यंत आठवत नाही त्याला असं म्हणतात, वाईट वाटू नये म्हणून. बायको हसली. मला काही वाटलं नाही. फक्त जेवलो नाही.
बावीस वर्षं यांच्या फायली सांभाळल्या आणि कॅन्टीनवाल्याच्या मागे नंबर. वचपा काढणार.

६ मार्च
३१ ला साहेब रिटायर होतायत. निरोप समारंभात आभार मानायचं काम मागून घेतलं. दुसऱ्या कोणाला नकोच होतं. साहेबांचं नाव सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी तेच वाक्य. भर सभेत.

१४ मार्च
शेवट झोंबायचा तर आधीची रांग लांब हवी. एक्केचाळीस नावं झाली. पाण्याचं मशीन दुरुस्त करणाराही घेतला.

१९ मार्च
अडचण. आभार नेहमी शेवटी, साहेबांचं भाषण आधी. पण माझं ऐकून, तोंड पाडूनच त्यांनी उठायला हवं. कार्यक्रम उलटा करून घेतला. बायको म्हणते, अहो, जाऊ द्या ना, भला माणूस आहे. तिला ऑफिसातलं काय कळतं.

३१ मार्च, दुपारी ३
सहाला हॉल रिकामा करून द्यायचाय. वेळ भरपूर आहे. आज दाखवतोच.

३१ मार्च, संध्याकाळी ७
पन्नास मिनिटं बोललो. ते वाक्य दातओठ खाऊन म्हणालो. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले.
मग ते उठले, तर हॉलवाला दिवे घालवायला लागला. खिशातला कागद काढून घाईघाईने वाचलं. इंजिनिअर, अकाउंट्स, ड्रायव्हर, कॅन्टीनवाला. घड्याळ पाहिलं, राहिलेल्यांनी माफ करावं म्हणाले आणि बसले.
राहिलेल्यांत मी एकटाच होतो.
खुर्च्या आवरताना तो कागद सापडला. सगळ्यात खाली माझं नाव, त्याखाली दोन रेघा. पुढे साहेबांच्या अक्षरात, ‘यांना मुद्दाम शेवटी घ्यायचं. पाच मिनिटं तरी बोलायचं.’
कागद घडी करून खिशात ठेवला. मुलीला दाखवला नाही.