डोक्यावरच्या मोळीचं शून्य

१६ एप्रिल

पुस्तक लिवणाऱ्यानं जन्मात एक मोळी उचललेली न्हाई. आधी हे लिवून टाकते, बाकीचं मग.

नात आली होस्टेलवरनं. प्रेमा, घरात प्रेमी म्हणतो. बारावी सायन्स, सगळ्यात पास आणि फिजिक्समध्ये गेली. पेटी उंबऱ्यात टाकून तोंड पाडून बसली. म्हटलं, चुकलं काय?

"आज्जी, प्रश्न होता. बाई डोक्यावर लाकडं घेऊन सपाट रस्त्यानं चाललीय, तर तिनं ओझ्यावर काम किती केलं. मी लिवलं, लई केलं. घाम येतो, मान मोडते. तूच डोळ्यापुढं आलीस."

मग उत्तर काय पायजे होतं?

"शून्य."

चुलीतला जाळ सारून आले, परत विचारलं. शून्यच म्हणाली. किळस आली. जेवले न्हाई नीट.

१८ एप्रिल

वामन माझा ल्योक, प्रेमीचा बाप. आज जेवताना म्हणाला, मे महिन्यात परत एक परीक्षा घेतात. त्यातबी नापास झाली तर फोंड्याला यमुनाकडं पाठवतो. यमुना माझी थोरली लेक, तिकडं काजूच्या कारखान्यात हाय. "बसून बिया फोडायच्या. सावलीतलं काम हाय, काय वाईट?"

प्रेमी भात चिवडत राहिली. तिला नर्सिंगला जायचंय, त्याला बारावी पास लागते. सून, प्रेमीची आई, आमटी वाढत राहिली. सून कायम गप्प.

यमुना गणपतीला आलेली तवा तिची बोटं बघितलीत मी. बियांच्या चिकानं काळी झालेली, कातडं सोलटलेलं. ताटात वाढताना लपवत होती.

वामन्याला काय, तो पुरणपोळी बघत होता.

२० एप्रिल

शून्याचं भांडण आजबी. प्रेमीनं अंगणात कोळशानं बाण काढले. म्हणे, मी ओझं वर धरलंय, चाललेय आडवी. ओझं वर गेलंच न्हाई, म्हणून काम धरत न्हाईत. उचलून डोक्यावर ठेवलं तेवढं धरतात. चढ चढले तर तेबी धरतात.

म्हटलं, इथनं अणशी गावापातूर एक सपाट वाट दाखव मला. एक. इथं तुळशीपासनं गोठ्यापातूर जायचं तर गुडघा बोलतो.

"मग तुझं धरतील आज्जी. चढाचं."

आणि उताराचं?

पोरगी पदराआड हसायला लागली. पदर माझा. "उताराला उणे."

उणे. लाकडं वर जंगलात, घर खाली. म्हंजे बांगड्या भरल्या तवापासनं मी वाहिलं ते शून्याच्याबी खाली. असलं पुस्तक ओल्या हातानं शिवायच्या लायकीचं न्हाई.

२२ एप्रिल

वरच्या फणसाखाली रेंज मिळते. प्रेमीला म्हटलं, लाव तुझ्या सराला. लावला. मी विचारलं, सर, मान दुखते ती कशानं, काम न्हाई तर?

हसला. कानडीत म्हणाला, अज्जी, तेवढं सोन्ने लिवायला सांगा पोरीला, मार्क मिळतात. सोन्ने म्हंजे शून्यच, कुठल्याबी भाषेत टकलं.

मी म्हटलं, का शून्य ते सांगा. तर म्हणे, ते सिलॅबसात एवढंच हाय. फोन कट. रेंज होती. त्यानंच केला.

हे शिकवणारे.

 घरी येताना प्रेमी आपणच म्हणाली, मान दुखते ती आतल्या स्नायूंनी. ते आत ओढत राहतात, दमतात, भूक लागते. पण ओझ्याला त्यातलं काय मिळत न्हाई. ओझं होतं तेवढ्याच उंचीवर.

हे जरा ऐकण्यासारखं बोलली. बोलले न्हाई तिला तसं.

२४ एप्रिल

आणखी एक चूक निघाली तिची. हीबी माझ्याच चुलीवरची.

पाणी उकळायला लागल्यावर जाळ वाढवला तर पाणी आणखी तापतं काय? प्रेमीनं लिवलेलं, व्हय. पुस्तक म्हणतंय न्हाई. उकळी फुटली की तिथंच थांबतं.

म्हटलं, मग आग जाते कुठं? माझ्या माहेरी?

"वाफेत जाते."

उकड्या तांदळासाठी सालासकट भात उकडायचं म्हंजे जाळ ढणढणाटच लागतो. सासू काठीनं लाकडं पुढं सारायची. मीबी सारली. सुनेला मीच शिकवलं. आणि लाकूड काय आता पूर्वीसारखं मिळतं? जंगलाचा गार्ड वाळलेली फांदीबी आणू देत न्हाई वाघाच्या नावानं.

म्हटलं, रविवारी पावसाळ्याचं भात उकडायचंय. दोन चुली मांडते. एक तुझी, एक माझी.

२७ एप्रिल

दोन हंडे, एकाच कणगीतलं भिजवलेलं भात. उकळी फुटल्यावर प्रेमीनं लाकडं मागं ओढली, नुसती बुडबूड चालू ठेवली. मी माझ्यात आणखी सारली. मागं सरायची न्हवते.

वामन्या गोठ्यातनं ओरडला, "आये, एवढा जाळ कशाला, घर पेटवतेस काय?" म्हटलं, तू शेण काढ.

मग माझ्या हंड्याला वास आला. खालचं पाणी सरलेलं. बुडाला भात करपलं, काळं. वरचं दाणं उकललेलं. प्रेमीच्या हंड्यातलंबी उकललेलं, त्याच सुमाराला, आणि पाणी शिल्लक.

तिच्या चुलीपाशी लाकडं उरलेली. माझ्या चुलीपाशी न्हाईत.

करपल्या भाताचा वास साडीला लागलाय. धुतलं तरी जात न्हाई.

२८ एप्रिल

वामन्या सकाळपासनं बोलतोय. भात नासलं, लाकूड गेलं, ह्या फिजिक्सपायी घराचं वाटोळं. पाठवूच फोंड्याला, वाट कशाला बघायची.

मी म्हटलं, हंडा मी करपवला, पोरीनं न्हाई. तिचा हंडा नीट उकडला. त्यातलं भात काढ आणि वाळत घाल. आणि तोंड मिटून घे.

मग प्रेमीला बोलावलं. सांग आता, बुडाचं का जळलं? उकळतं पाणी पुढं तापत न्हाई म्हणतेस, मग भात करपावं एवढं बूड तापलं कसं?

 पुस्तक उघडायला निघाली, मी पुस्तकावर सूप ठेवलं.

मग करपल्या हंड्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, पाणी होतं तवर पाण्यानं धरून ठेवलेलं. पाणी सरलं, मग धरायला कोण न्हाई. मग तापत गेलं.

पाठ केलेलं बोलतात तवा पोरी वर बघतात. ही चुलीकडं बघत होती.

२ मे

रोज एक प्रश्न. माझी अट: मला पटेपातूर उठायचं न्हाई. इंग्लिश शब्द टाकला की मी चहाचा कप मागं ओढते.

आज स्टीलचा तांब्या आणि लाकडी पाट. सकाळी दोन्हींवर हात ठेवायला लावला. तांब्या थंड, पाट न्हाई. ही म्हणते दोन्ही सारखेच थंड. म्हटलं, हात माझा, थंडी मला कळते, तुला काय कळतं.

"तांब्या तुझ्या हाताची ऊब भराभर नेतो. पाट हळू नेतो. तुझा हात जाणारी ऊब मोजतो, तांब्या किती थंड ते मोजत न्हाई."

म्हंजे हातबी खोटा. मान खोटी, चूल खोटी, हात खोटा. ह्या विषयात माणसाचं एक धड न्हाई.

पटलं मात्र. कप दिला.

आज उकळी फुटल्यावर सुनेनं आपणहून लाकूड मागं ओढलं. माझ्याकडं चोरून बघितलं. मी दुसरीकडं बघत होते.

७ मे

परीक्षा. पहाटेची बस, वामन्या सोडायला गेला, कपाळाला आठ्या घालून. परत येताना पोरगी एकटी चढ चढून आली. वामन्या वाटेत बाजारकुणंग गावाला उतरलेला, काम होतं म्हणे.

विचारलं, मोळीचा प्रश्न?

"मोळी न्हाई. एक माणूस डोक्यावर पेटी घेऊन नुसता उभा."

मग?

"शून्य. आणि खाली कारणबी लिवलं. दमतो का तेबी लिवलं, मागितलं न्हवतं."

आणि बाकीचं? दोन गणितं आली न्हाईत म्हणाली. एक अर्धं सोडलं. वीज असलेलं काहीतरी. विजेचं मी तरी काय विचारणार, आमच्याकडं ती असते कुठं.

पास की नापास, मला तिच्या तोंडावरनं कळलं न्हाई. तिलाबी न्हाई.

९ मे

निकाल लागायचाय. वामन्यानं तरी यमुनाला कळवून टाकलंय, पोरगी पाठवतो, जागा धरून ठेव. मला न विचारता, पोरीला न विचारता. थुंकावंसं वाटलं. अंगण सारवलेलं होतं म्हणून थुंकले न्हाई.

यमुनाचा उद्या फोन येणार, कधी पाठवता म्हणून. वामन्या फोन घेऊन फणसाखाली जाऊन बसणार.

रात्रीची भांडी घासताना सांगितलं सगळ्यांसमोर. तो फोन वामन्यानं उचलायचा न्हाई. मी न्हाई, सुनेनं न्हाई. फणसाखाली प्रेमी जाईल. यमुना विचारील ते ऐकायचं आणि जायचं का न्हाई ते उत्तर प्रेमीनंच द्यायचं, कारणासकट.