नऊ मेणबत्त्यांचे पान आणि त्याच्या चाव्या

देव पाहतो आहे, म्हणून खरे तेच लिहिते. मी, पेना राचोवा गेंचेवा, वय एकाहत्तर, कै. दोब्री गेंचेव यांची पत्नी, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार गाब्रोवो, डोके पूर्ण ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोडबोलेपणाने नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. मूलबाळ नाही, तेव्हा वाटण्या माझ्या मर्जीने होतील.

एक. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर माझी धाकटी बहीण गांका हिला. तळघरातल्या लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्याही तिच्याच. रिकाम्या बरण्या फेकू नयेत, हे मेल्यावरही सांगावे लागते आहे.

दोन. बँकेतल्या रकमेतून अंत्यविधी आणि चाळिसाव्या दिवशी माझ्या नावाने वाटायचे उकडलेले गहू करावेत. पुष्पचक्र आणू नये. दोन दिवसांत सुकते. उरेल ते वाचनालयाला.

तीन. दोब्रीचे रंधे आणि पटाशा शेजारच्या स्टोयकोला. त्याने एक शिकंजा पंधरा वर्षांपूर्वी 'उद्या देतो' म्हणून नेला. तो आता त्याने कायदेशीरपणे वापरावा.

चार. संगणक वाचनालयाला. त्याच्याबद्दल थोडे लिहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

शेवटच्या आजारपणात दोब्री 'राखेचे खोरे' नावाचा खेळ खेळत असे. तो गेल्यावर खेळ बंद करावा म्हणून मी संगणक उघडला, तर बाजूला खेळाची विकी उघडी होती. म्हणजे खेळणाऱ्यांनी मिळून लिहायची माहितीची पाने: कुठली वनस्पती कुठे मिळते, कुठले दार कशाने उघडते. वाचून माझे डोके फिरले. एकाच मुळीचे तीन पानांवर तीन भाव! सेहेचाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिलेल्या बाईला हे पाहवत नाही. मी एक ओळ सुधारली. त्याला अकरा वर्षे झाली. आता मी त्या विकीची मुख्य प्रचालक आहे; पाने उघडायच्या आणि कुलूपबंद करायच्या चाव्या माझ्याकडे आहेत. माझ्यामागे त्या कोणाकडे जाणार, याचीच मला काळजी आहे. घर काय, कोणीही झाडेल.

पाच. जे विकीवर लिहितात आणि स्वतःला लेखक समजतात, त्यांना मी पुढील समज मृत्युपत्राने देते, कारण जिवंतपणी दिलेली कोणी ऐकली नाही. दुसऱ्याची ओळ पुसण्याआधी त्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर विचारावे. पुसलीच तर कारणाच्या रकान्यात कारण लिहावे. 'असंच' हे कारण नव्हे, ते लहान मुलाचे उत्तर आहे. चर्चापानावर बोललात तर खाली सही करा. निनावी पत्रे आमच्याकडे जुन्या कम्युनिस्ट राजवटीत पोलिसांना लिहीत, ती कशासाठी ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याने काढलेले चित्र आपले म्हणून लावणे ही चोरी आहे, आणि 'इंटरनेटवरच होतं' हे चोराचे बोलणे आहे. खेळाचा शेवट पहिल्याच ओळीत सांगणाऱ्याला काय म्हणावे ते ईस्टरआधीचा लेंटचा उपास चालू आहे म्हणून लिहीत नाही. ऐकीव गोष्ट लिहू नये. स्वतः करून पाहावे, मग लिहावे. नव्या माणसाला आधी नमस्कार करावा, चूक नंतर दाखवावी. हा शेवटचा नियम मीच केला आणि मीच सर्वांत कमी पाळला.

सहा. गांकाचा मुलगा स्विलेन याच्याविषयी. गेल्या रविवारी माझ्याच टेबलावर, माझ्याच घेवड्याचे सूप ओरपत तो म्हणाला, "मावशी, चाव्या मला दे. तुझ्यामागे कोण बघणार? एका दुपारी चारशे पानं टाकली मी. तुझी अकरा वर्षांत किती झाली?"

"चारशे पानांत मासे किती टाकलेस?"

"कुठले मासे?"

"मिठाच्या तळ्यातले. तू लिहिलंयस, तिथे मासे मिळतात. त्या तळ्यात पाणीच नाही, स्विलेन. तू तिथे गेलायस कधी?"

"मी कशाला जाऊ? यंत्र लिहितं. वाचतं कोण, मावशी? माणूस पानावर आला, जाहिरात दिसली, झालं काम."

"अगं, मुलगा आहे, शिकेल," गांका म्हणाली.

"एकेचाळीस वर्षांचा मुलगा," मी म्हटले आणि त्याच्यासमोरचा पाव उचलून ठेवला.

ती चारशे पाने मी एकेक करून पुसली, प्रत्येकाला कारण लिहून. स्विलेनला मी विकीची धुळपाटी देते. धुळपाटी म्हणजे नवशिक्यांनी गिरवायचे पान. तिथे काहीही लिहावे, कोणी वाचत नाही, दर आठवड्याला आपोआप पुसले जाते. त्याच्या कामाला त्याहून योग्य जागा माझ्या पाहण्यात नाही. चाव्या कोणत्याही परिस्थितीत त्याला देऊ नयेत.

सात. आता माझे स्वतःचे.

खेळात एक मठ आहे. मठाखालच्या तळघराचे दार मेणबत्त्या लावल्यावर उघडते. पान मी लिहिले: 'नऊ मेणबत्त्या लावाव्यात.' देवदूतांचे गण नऊ, म्हणून मी वर नऊ लावल्या, मग खाली गेले, तर दार उघडलेले. सहा वर्षांपूर्वी 'घुबड' नावाच्या सदस्याने नऊ पुसून सात केले. मी नऊ केले. त्याने सात. तीन वेळा असे झाले. एकमेकांचे लिखाण तीनदा उलटवणाऱ्याला बाहेर काढावे, हा नियम. तीनदा दोघांनीही उलटवले होते. चाव्या माझ्याकडे होत्या, म्हणून बाहेर तो गेला. पानाला मी कुलूप घातले, नऊवर.

या हिवाळ्यात इस्पितळातून आल्यावर मी पुन्हा खेळले. थैलीत सातच मेणबत्त्या उरल्या होत्या. सातवी लावून खाली गेले, तर दार उघडलेले.

आठ का नाही, सहा का नाही, मी कधी करूनच पाहिले नव्हते. आणि माझे वाचून सहा वर्षे हजारो लोकांनी दोन-दोन मेणबत्त्या फुकट जाळल्या. काटकसरीसाठी नावाजलेल्या गाब्रोवोच्या बाईच्या शब्दावर!

घुबडाने चर्चापानावर सेव्लिएव्हो गावचा दूरध्वनी क्रमांक ठेवला होता. तो लावला, तर औषधांचे दुकान निघाले. मालकाचे नाव वेलिझार तोंचेव.

"मी नऊ मेणबत्त्यांवाली," मी म्हटले.

पलीकडून हसू आले. "पेनाबाई! अजून नऊच का?"

"सात."

"मी तेव्हा चित्रं जोडली होती. सातही टप्प्यांची."

"मी उघडली नाहीत."

"का हो?"

"घुबड नावाच्या माणसाचं काय पाहायचं, असं वाटलं."

"खरं बोललात, हे बरं झालं," तो म्हणाला.

मी सरळ विचारले, "माझ्यामागे चाव्या घ्याल का?"

"चाव्या नकोत मला. तेवढं पान उघडा. आणि माझ्या नावापुढे तुम्ही 'नासधूस करणारा' लिहिलंय, ते काढा. माझी मुलगी आता तो खेळ खेळते. तिने विचारलं, बाबा, तुम्ही काय मोडलं होतं?"

काढते म्हटले. चार दिवस काढले नाही. रोज चर्चमध्ये क्षमा मागत होते, पण देवाकडे मागणे सोपे असते. तो चर्चापानावर लिहून दाखव म्हणत नाही.

आठ. हे कलम लिहायच्या आधी मी लेखणी खाली ठेवली आणि उठले. कुलूप काढले. नऊ पुसून सात लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'घुबडाचे बरोबर होते. चूक पेनाची.' त्याच्या नावापुढचे ते शब्द काढले, त्याची बंदी उठवली, आणि खाली सही केली.

चाव्या वेलिझार तोंचेव यांना. नको म्हणाले म्हणूनच त्यांना. परवलीचा शब्द बंद पाकिटात नोटरीबाईंकडे आहे. तोंचेव यांनी पाकीट घेतले नाही, तर ते न फोडता जाळावे.

नऊ. वरचे कलम लिहून झाल्यावर पुन्हा पाहिले, तर 'लोखंडीशेपूट' नावाच्या कोणा नव्या सदस्याने माझे सात उलटवून नऊ केले होते. कारण: 'माहिती नसताना जुनी पाने बिघडवू नका. मी स्वतः नऊ लावल्या आहेत, दार उघडते.'

कुलूप घालायला एक कळ पुरते. बोट तिच्यावर गेलेही होते.

मी चर्चापानावर लिहिले: 'नमस्कार. विकीवर आपले स्वागत. एकदा सातच लावून पाहा. मी उलटवत नाही, थांबते. — पेना.'

हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. सही करून परत जाऊन बसणार आहे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरीबाई म्हणाल्या. आधाराविना लिहिलेल्या ओळीचे काय होते ते मी अकरा वर्षे पाहिले आहे. म्हणून दोन माणसे उभी केली.

साक्षीदार: १. फादर निकानोर (सही)
२. स्टोयको बाल्कान्स्की, शेजारी (सही)

लिहून देणार: पेना राचोवा गेंचेवा (सही)

गाब्रोवो, दि. २६ मार्च २०२४, मंगळवार