दुसऱ्या दुकानातली यादी

मंगळवार, १२ मे १९८७. संध्याकाळ.

टायपिंग इन्स्टिट्यूटसाठी संगणक घ्यायचा म्हणून सरांबरोबर सीताबर्डीवरची दोन दुकानं पाहिली. विद्यार्थ्यांच्या नावांची एकच फ्लॉपी दोन्हीकडे चालवली. नावं अकारविल्हे लावायला कोणत्या यंत्राला किती वेळ लागतो, ते मी घड्याळावर मोजलं. पहिल्याला चार मिनिटं, दुसऱ्याला एकही नाही. सरांनी दुसरा ठरवला. उद्या सकाळी पैसे भरणार, माझ्या शब्दावर. मी मॅट्रिक नापास.

पण नंतर आठवलं, दुसऱ्या दुकानात यादी उघडली तेव्हाच सगळ्यात वर अनिलचं नाव होतं. फ्लॉपीवर नावं प्रवेशाच्या क्रमाने भरलेली, म्हणजे वर वासुदेव हवा. अनिल कसा? पहिल्या यंत्राने लावलेली यादी मीच त्याच फ्लॉपीवर साठवली होती. दुसऱ्याला काम उरलंच नव्हतं! मला तेव्हा दिसलं कसं नाही? तिथे मला खुर्ची दिली होती, मला 'साहेब' म्हणाले होते. तेही कारण असेल.

सरांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, खुर्चीसकट.

सर हसले. "मग घाबरून काहून राहिला गा? उद्या पुन्हा मोजू. फक्त खुर्चीवर मी बसतो, तू उभा राह्य."

प्रवेशाची वही आत्ताच पिशवीत ठेवली, उद्या नावं मूळ क्रमाने पुन्हा भरायला. वासुदेव पहिला.